घर बांधायचे कुणाला विचारून?

कोयना आणि केरा या नद्यांच्या काठी वसलेल्या पाटणमध्ये घर बांधायला एकेकाळी कागद लागत नसे. पांढरीत वस्ती आणि काळीत शेती, ही वाटणी ठरलेली. पांढरीतली मोकळी जागा कुणी घ्यायची हे पाटील, कुलकर्णी आणि गावातली चार जाणती माणसे बसून ठरवत. वाट अडता कामा नये, जनावरे ओढ्यावर न्यायला बोळ राहिला पाहिजे, आपल्या पागोळ्या शेजाऱ्याच्या ओट्यावर पडता कामा नयेत, एवढे सांभाळले की गवंड्याला सांगावा धाडायचा. पागोळीचे पाणी कुणाच्या हद्दीत पडते यावरून भावकीत अबोला धरला जाई, तो भाग वेगळा.

शेजारच्या शहरांत मात्र कागद लवकर आला. १८५० च्या कायद्याखाली सातारा आणि कराड येथे त्याच दशकात नगरपालिका स्थापन झाल्या. पुढे १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने घर बांधण्याआधी पालिकेला सूचना देणे बंधनकारक केले. पाटण तालुक्याचे ठिकाण असले तरी कारभाराने गावच राहिले. नगरपंचायत झाली ती अगदी अलीकडे, गेल्या दशकात. त्यामुळे इथल्या घराचा अर्ज कित्येक वर्षे ग्रामपंचायतीच्या मासिक सभेतच निकाली निघत होता. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचे कलम ५२ हा त्याचा आधार. अर्ज, घरपट्टी भरल्याची पावती, जागेची चतुःसीमा आणि शेवटी ठराव. नकाशा असलाच तर हाताने काढलेला.

मग १९६७ उजाडले. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम जानेवारीत आणि जमीन महसूल संहिता १५ ऑगस्टला, असे १९६६ साली झालेले दोन जाडजूड कायदे त्या वर्षी अमलात आले. गावठाणाबाहेर बांधायचे तर आता बिनशेती परवानगी हवी, आणि नगररचना कायद्याखाली नियोजन प्राधिकरणाकडे केलेल्या अर्जाचा निकाल ६० दिवसांत लागला नाही तर परवानगी मिळाली असे समजायचे. जमिनीचा वापर, रस्ता, हद्द, मोकळी जागा असे बरेच काही या कायद्यांच्या कक्षेत आले. जमीन हलते का, हा प्रश्न इथल्या अर्जात नव्हता.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, साडेचारच्या आत, ती हलली. तालुक्यातल्या कोयनानगर परिसरात सुमारे १८० माणसे गेली. बहुतेकांचा जीव घेतला तो घरांनीच. इथली भिंत दीड-दोन हात जाड असे, पण ती एकसंध नव्हे. बाहेरून एक दगडी थर, आतून दुसरा, आणि मध्ये माती-खडीची भर. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड गवंड्याने घातला नसेल तर हादऱ्यात थर फाकतात, भर खाली बसते आणि कौलारू छप्पर झोपलेल्या माणसांवर येते. भिंत जाड म्हणजे घर मजबूत, या समजाची किंमत तालुक्याने एका पहाटेत मोजली.

तोवर दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानले जाई. १९७० च्या सुधारित भूकंपक्षेत्र नकाशात कोयना परिसर चौथ्या क्षेत्रात गेला. आरपार दगड, दारांच्या माथ्यावरून सलग फिरणारा पट्टा, कोपऱ्यांची बांधणी हे सगळे भारतीय मानकांत सविस्तर आले. पण मानक दिल्लीत आणि ठराव पाटणमध्ये, त्यांची गाठ पडेना. १९९३ च्या किल्लारी भूकंपात पुन्हा तशाच दगड-मातीच्या भिंती पडल्या. भूजच्या २००१ च्या भूकंपानंतर कुठे केंद्राने भूकंपसुरक्षेचे आदर्श बांधकाम नियम तयार करून राज्यांपुढे ठेवले. कोयनेला तोवर तीन दशके उलटून गेली होती, आणि याला दिरंगाईखेरीज दुसरे नाव नाही.

आजची फाइल जाडजूड असते. सातबारा, मोजणी नकाशा, अभियंत्याचा आराखडा. आराखड्यात भूखंडाची हद्द जाड काळी, रस्ता हिरवा, नवे बांधकाम लाल, पाडायचे ते पिवळे. पुढे प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्याची तपासणी, शेवटी भोगवटा. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही अपवाद वगळता राज्यभर एकच नियमावली लागू झाली. त्यापाठोपाठ फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रामीण भागात १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरील घराला परवानगीच्या फेऱ्यातून सूट जाहीर झाली. ते योग्यच झाले. दोन खोल्यांच्या घरासाठी वाडीवरच्या माणसाने साताऱ्याला खेटे का घालावेत?

पाच महिन्यांनी, २२ जुलैच्या अतिवृष्टीत, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे डोंगर खाली आला.

नियमावलीत उताराचा विचार नाही असे नाही. एकास पाचपेक्षा अधिक उतारावर बांधकामाला मनाई आहे. पण हा उतार मोजायचा तो अर्जदाराच्या स्वतःच्या गटाचा, आणि कोसळतो तो वरचा, दुसऱ्याच्या मालकीचा नाहीतर वनखात्याचा डोंगर. त्या डोंगरासाठी आराखड्यात रंग नाही. शिवाय या वाड्या कोणत्याही नियमावलीच्या कितीतरी आधीच्या. त्यांच्या घरांसाठी कधी अर्जच झाला नव्हता, मग तो नाकारणार कोण?

आता तालुक्याच्या पश्चिमेला आणखी एक दार उघडले आहे. नवीन महाबळेश्वर प्रकल्पासाठी सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या २३५ गावांचे नियोजन राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सोपवले गेले. रस्ते बांधणाऱ्या महामंडळाने डोंगरातल्या घरांचे नियोजन करावे, हे जरा गमतीचेच. महामंडळाचा प्रारूप आराखडा २०२४ मध्ये हरकती-सूचनांसाठी खुला झाला. पाटण शहरातला अर्जदार नगरपंचायतीत जातो, गावठाणातला ग्रामपंचायतीत, गावठाणाबाहेरचा महसूल आणि नगररचना कार्यालयांत. त्यामुळे सातबारा हाती घेण्याआधी इथल्या माणसाला पहिली चौकशी करावी लागते ती ही, की आपले गाव सध्या कुणाच्या यादीत आहे.