तुळईला धाग्यांचा आधार

छत्रपती संभाजीनगर : औरंगपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीतील माळवदाच्या वाड्यांचा भार लाकडी तुळया पेलतात. भाराने तुळई वाकली, की तिची वरची बाजू दाबली जाते व खालची ताणली जाते. गाठ किंवा चीर असेल तेथे तडा बहुधा खालूनच जातो. म्हणूनच जवस, ताग अथवा घायपाताच्या धाग्यांचे कापड इपॉक्सीने तुळईच्या तळाशी चिकटविण्याची पद्धत संशोधकांनी अभ्यासली आहे. ताणाचा काही भाग धागे घेतात व तडा पसरण्यास अटकाव होतो. कार्बनच्या धाग्यांइतका ताठपणा मात्र त्यांत नसतो.

बांधकामातील वनस्पतिजन्य धागे या परिसराला नवे नाहीत. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश असल्याचे पुरातत्त्व रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह व डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवून दिले.

ओल हा या धाग्यांचा शत्रू आहे. त्यामुळे आधी माळवदाची गळती थांबवावी व वाळवीचा बंदोबस्त करावा. भिंतीत रुतलेले टोक कुजले असल्यास कापड चिकटवून उपयोग नाही. ते लाकूड बदलावेच लागते. काम हाती घेण्यापूर्वी तुळईला टेकू देऊन स्थापत्य अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी.