मळ्याच्या बांधावरचा चित्रकार

निसर्गचित्र भिंतीवर टांगलं की फार शांत दिसतं. एक पायवाट, दोन-चार झाडं, वर ढग. बघणाऱ्याला वाटतं, काय सुखाचं काम आहे! सकाळी रंगांची पेटी उचलावी, झाडाखाली बसावं, संध्याकाळी चित्र घेऊन घरी यावं. या सुखामागे रोजचं जगणं कसं असतं, ते आज मला सांगायचं आहे. त्यासाठी मी एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधला एक चित्रकार निवडला आहे. त्याचं नाव कामीय पिसारो.

मोने, सेझान ही नावं आपल्याकडे जास्त परिचयाची आहेत. पिसारो त्यांचा सोबती, आणि वयाने वडीलधारा. सेझान तर त्याला बापाच्या जागी मानत असे. पिसारोचं रोजचं आयुष्य आपल्याला बरंच ठाऊक आहे, कारण थोरला मुलगा ल्युसियाँ इंग्लंडला गेल्यावर बाप त्याला वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिला. ही पत्रं १९४३ साली पुस्तकरूपाने आली. त्यांत चित्रकलेविषयीचे विचार आहेत, तसेच घरातल्या पैशांच्या विवंचना आणि डोळ्याचं दुखणंही आहे.

पिसारोचा जन्म १८३०चा, वेस्ट इंडीजमधल्या सेंट थॉमस बेटावरचा. बेट तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. वडिलांचं दुकान होतं आणि मुलाने गल्ल्यावर बसावं अशी घरची अपेक्षा. मुलाचं लक्ष बंदरावरच्या माणसांची रेखाटनं करण्यात. १८५२मध्ये फ्रिट्झ मेल्बी या डॅनिश चित्रकाराबरोबर तो व्हेनेझुएलाला गेला आणि १८५५मध्ये पॅरिसला आला. दुकान कायमचं सुटलं.

उघड्यावर बसून तैलचित्र रंगवणं त्या काळी नुकतंच सोयीचं झालं होतं. आधीचे चित्रकार बाहेर जात, पण बहुधा रेखाटनं आणि छोटे अभ्यास करून परत येत. मोठं चित्र स्टुडिओत तयार होई. तेलात घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवावा लागे. टोचून रंग काढला की पिशवी नीट बंद होत नसे, रंग वाळून जाई. १८४१मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या नळीचं पेटंट घेतलं. आपण रोज दात घासताना पिळतो तसली नळी. झाकण फिरवा, हवा तेवढा रंग घ्या, झाकण लावा. या एवढ्याशा नळीने चित्रकाराला शेतापर्यंत नेलं. जोडीला आगगाडी होतीच. पॅरिसजवळची खेडी तासा-दोन तासांवर आली.

पिसारो अशाच गावांतून राहिला. लुव्हसिएन, पाँतवाज आणि शेवटी एरान्यी. १८७०मध्ये प्रशियाशी युद्ध पेटलं तेव्हा तो लुव्हसिएनला होता. बायकामुलांना घेऊन तो लंडनला गेला. मागे घरात सैनिक उतरले. १८७१मध्ये परतून पाहतो तर वर्षानुवर्षांची चित्रं गेलेली. पाय चिखलात भरू नयेत म्हणून सैनिकांनी कॅनव्हास बागेत अंथरले होते. दीड हजारांतली चाळीसच हाती लागली, असं सांगतात. त्या वेळी तो चाळिशीत पोचला होता. पुढच्याच वर्षी तो पाँतवाजला गेला आणि पुन्हा पहिल्यापासून कामाला लागला.

आता त्याच्या दिवसाकडे वळू. मी कवी आहे. रात्री अकरा वाजता दिवा लावून कविता लिहिता येते. उघड्यावरच्या चित्रकाराला ती मुभा नाही. आमच्या घरी जुनी माणसं घड्याळापेक्षा उजेडावरून दिवस मोजत. फजर म्हणजे तांबडं फुटायची वेळ, जोहर म्हणजे ऊन कललं की, असर म्हणजे सावल्या लांब झाल्या की, आणि मगरिब म्हणजे सूर्य बुडाला की. चित्रकाराचा दिवसही असाच उजेडावर बेतलेला असतो. सकाळी सुरू केलेलं चित्र दुपारी पुढे नेता येत नाही, कारण सावल्यांनी बाजू बदललेली असते. ते बाजूला ठेवून दुसरा कॅनव्हास काढायचा. सकाळच्या चित्रासाठी उद्याची सकाळ. उद्या ढग आले तर परवा. पाऊस लागला तर आठवडा गेला, आणि तोवर शेतातलं पीकही कापून झालेलं असायचं!

सामानाचं ओझं वेगळंच. पेटी, घडीचा इझल, स्टूल, कॅनव्हास, छत्री. छत्री आपल्या डोक्यासाठी नसते, कॅनव्हाससाठी असते. कॅनव्हासवर थेट ऊन पडलं तर डोळे दिपतात, रंग आहेत त्याहून उजळ वाटतात, आणि घरी आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. वारा सुटला की कॅनव्हास शिडासारखा फुगतो आणि इझल आडवा होतो. परतीच्या वाटेवर ओलं चित्र सांभाळायचं, कारण तेलरंग काही तासाभरात वाळत नाही. १८७४च्या सुमाराचं एक छायाचित्र आहे. त्यात पिसारो आणि सेझान हातात लांब काठ्या घेऊन, पाठीवर सामान बांधून निघालेले दिसतात. चित्रकार आहेत हे सांगावं लागतं, नाहीतर दूरच्या बाजाराला निघालेले फेरीवालेच वाटावेत. पुढे वय झाल्यावर पिसारोने चाकांचा इझल वापरला. तो ढकलत नेतानाचं छायाचित्रही उपलब्ध आहे.

कामाची त्याची रीत ठरलेली होती. एक कोपरा पुरा करून दुसऱ्याकडे जायचं नाही. आकाश, झाडं, पाणी, जमीन, सगळं एकदमच पुढे न्यायचं. कडा रेखीत बसायचं नाही. एका रंगाचा शेजारच्या रंगावर काय परिणाम होतो ते पाहत जायचं. तरुण चित्रकारांना तो हेच सांगे. पॅलेटवरचे काळे, मातकट रंग काढून टाकायला त्यानेच सेझानला शिकवलं. त्याने एकदा रंगांच्या पॅलेटवरच निसर्गचित्र काढलं. कडेला रंगांचे सहा गोळे तसेच ठेवले आणि मधल्या जागेत त्याच रंगांतून शेत, झाडं, गवताची गाडी उभी केली. जणू सांगतोय की एवढंच सामान लागतं, बाकी डोळ्यांचं काम.

हे डोळे कुठे लागले होते? राजवाडे, धबधबे, कडेकपारी यांच्याकडे नव्हेत. तो भाजीचे मळे रंगवायचा. कोबीचे वाफे, बटाटे काढणाऱ्या बाया, सफरचंदाची झाडं, बैलगाडीची चाकोरी. ‘गोठलेलं दव’ हे त्याचं १८७३चं चित्र पाहा. नांगरलेल्या जमिनीवर पांढुरकं दव पडलं आहे. पाठीवर काटक्यांची मोळी घेऊन एक म्हातारा चालला आहे. शेतावर झाडांच्या लांब सावल्या पडल्या आहेत, पण ती झाडं चित्रात नाहीत. ती चौकटीबाहेर आहेत. ज्याने त्या थंडीत, त्या जागी उभं राहून पाहिलं, त्यालाच हे सुचावं.

हे चित्र १८७४च्या एप्रिलमध्ये पॅरिसला मांडलं गेलं. पुढे ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या चित्रकारांचं ते पहिलं प्रदर्शन. लरुआ या टीकाकाराने टर उडवली की ही तर मळक्या कॅनव्हासवर पॅलेटची खरवड लावली आहे. कास्तान्यारी हा त्यातल्या त्यात सहानुभूतीने लिहिणारा. पण चौकटीबाहेरच्या झाडांच्या सावल्या त्यालाही खटकल्या. भाजीपाल्याचा, कोबीचा एवढा सोस कशाला, असंही त्याने विचारलं. त्याच महिन्यात, प्रदर्शन उघडायच्या काही दिवस आधी, पिसारोची आठ वर्षांची लाडकी मुलगी मिनेत आजारपणात गेली होती. बायको गरोदर होती. टीका छापून आली तेव्हा त्या घरात काय चाललं असेल, याची आपण कल्पनाच केलेली बरी.

या बायकोविषयी बोलल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. तिचं नाव ज्युली. बर्गंडीतल्या द्राक्षमळेवाल्या शेतकऱ्याची मुलगी. पिसारोच्या आईकडे ती स्वयंपाकघरात कामाला होती. दोघांचं जुळलं, ते आईला अजिबात मानवलं नाही. लग्न लागलं १८७१मध्ये, इंग्लंडमध्ये. एकूण आठ मुलं झाली. चित्रं विकली जात नव्हती. ज्युलीने परसात भाजी लावली, कोंबड्या आणि ससे पाळले. मुलांच्या ताटात काय पडेल हे बहुतेक वेळा तिच्या कुदळीवर ठरायचं. पिसारो दिवसभर लोकांचे मळे रंगवायचा आणि घरचा मळा ज्युली पिकवायची. तिच्या रागाचे, कातावण्याचे उल्लेख पत्रांत येतात. चरित्रकारांनी तिला कधीकधी कजाग ठरवलं आहे. मला तसं वाटत नाही. कोळसा संपलेल्या घरात थंडीच्या दिवसांत मुलं सांभाळणारी बाई गोड बोलेल कशी?

उधारीवर रंग देणारे भले लोकही होते. पॅरिसला तांगी नावाचा रंगविक्या पैशांऐवजी चित्रं ठेवून घेई. म्युरेर नावाच्या पेस्ट्रीवाल्याने पिसारोला मदत म्हणून त्याच्या चित्रांची सोडत काढली. एक चित्र एका मोलकरणीला लागलं. तिने ते पाहिलं आणि चित्राऐवजी क्रीमचा केक मिळेल का, असं विचारलं, अशी गोष्ट सांगतात. आपण हसतो. पण ज्याची चूल त्या सोडतीवर पेटायची, त्याला ती गोष्ट कशी वाटली असेल? ड्युरां-रुएल हा व्यापारी चित्रं घेई, पण १८८२मध्ये एक मोठी बँक बुडाली, तो अडचणीत आला आणि त्याच्या आधाराने उभे असलेले चित्रकारही.

या ओढाताणीतही पिसारो शिकायचं थांबला नाही. पंचावन्न वर्षांचा असताना तो सरा नावाच्या पंचविशीतल्या तरुणाच्या मागे गेला. शुद्ध रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी देऊन चित्र उभं करायची सराची पद्धत होती. पण ठिपक्यांना वेळ लागतो, आणि उजेड थांबत नाही. चित्रं स्टुडिओत अडकली. समोरच्या क्षणाची जाणीव त्यातून निसटते आहे हे लक्षात आल्यावर चार-पाच वर्षांनी त्याने ती पद्धत सोडून दिली.

१८९२मध्ये पॅरिसला झालेल्या त्याच्या मोठ्या प्रदर्शनाने दिवस थोडे पालटले. त्याच वर्षी एरान्यीचं भाड्याचं घर विकत घेतलं गेलं. त्यासाठी १५ हजार फ्रँक मोनेने उसने दिले. मागायला गेली होती ज्युली. पिसारो तेव्हा लंडनला होता.

पण तोवर उघड्या हवेने आपली किंमत वसूल करायला सुरुवात केली होती. त्याच्या एका डोळ्याच्या कोपऱ्यातल्या अश्रुपिशवीला वारंवार सूज येई, पू होई. धूळ आणि वारा लागला की दुखणं उलटायचं. शस्त्रक्रिया झाल्या, पट्ट्या बांधल्या. डॉक्टरांचं सांगणं एकच की वाऱ्यात बसू नका. ज्याने जन्मभर बांधावर बसून काम केलं, त्याला सांगितलं की आता घरात बसा.

त्याने काय केलं? तो खिडकीत बसला. एरान्यीत गोठाराचा स्टुडिओ करून मोठ्या खिडक्या काढल्या. मग शहरांतल्या हॉटेलांमध्ये वरच्या मजल्यावर खोल्या घेऊ लागला. कधी रुआँ, कधी पॅरिस. १८९७मध्ये बुलेव्हार मोंमार्त्र या रस्त्याची त्याने एकाच हॉटेलातून चौदा चित्रं रंगवली. सकाळचं धुकं, दुपारचं ऊन, पाऊस, आणि एक तर चक्क रात्रीचं, ओल्या रस्त्यावर दिव्यांचा उजेड सांडलेला. माणसं म्हणजे ब्रशचे ठिपके, पण प्रत्येकाची चाल निराळी. मळा गेला आणि रस्ता आला. उजेडाची वाट पाहणं मात्र तेच राहिलं. आज ही चित्रं मोठ्या संग्रहालयांत आहेत आणि लोक त्यांच्यापुढे गर्दी करतात. काचेच्या आत बसावं लागलेल्या आजारी म्हाताऱ्याची ती चित्रं आहेत, हे किती जणांना ठाऊक असतं?

१९०३च्या उन्हाळ्यात त्याने ल हाव्हर बंदराची चित्रं केली, तीही खिडकीतूनच. तिथल्या संग्रहालयाने दोन चित्रं विकत घेतली. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला तो पॅरिसला वारला. पाचही मुलगे चित्रकार झाले. आईला ते फारसं पसंत नव्हतं, आणि तिचं चूक होतं असं कोण म्हणेल? ज्युली १९२६पर्यंत जगली.

२००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या तैलचित्रांच्या सूचीत दीड हजारांहून अधिक नोंदी आहेत. युद्धात गेलेली सगळी त्यात नाहीत. एवढं काम करणाऱ्याला स्फूर्तीची वाट पाहत बसायला सवड मिळाली नसणार. त्याने वाट पाहिली ती ढग सरकण्याची, आणि तीही जागेवर उभं राहून. त्याच्या कोबीच्या वाफ्यांसमोर उभे राहाल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा की बांधावर एक माणूस गारठून उभा आहे, आणि त्याच वेळी त्याच्या घरच्या परसात एक बाई संध्याकाळच्या जेवणासाठी बटाटे खणते आहे. त्या चित्रावर सही एकाची असली, तरी राबणूक दोघांची आहे.