जुन्या मोटारीचे हेडलाइट : दोष कसा शोधावा?

पार्से, आगरवाडा, तुये परिसरात समुद्र आणि शापोरा नदी दोन्ही जवळ. खारा वारा आणि पावसाळी दमट हवा यांमुळे मोटारीतील विजेच्या जोडण्या लवकर गंजतात. जुन्या गाडीचे हेडलाइट मंद होण्याचे कारण म्हणूनच पुष्कळदा बल्बमध्ये नसून वायरिंगमध्ये असते. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले; म्हणजे तिची सर्वांत नवी गाडीही आता दशकाहून जुनी आहे.

लक्षणावरून निदान

एकच दिवा बंद असेल तर बल्ब, त्या बाजूचा फ्यूज, होल्डर आणि अर्थची जोडणी तपासावी. दोन्ही बाजूंचा फक्त अपर किंवा फक्त डिपर लागत नसेल तर संशय डिपर स्विचवर जातो. दोन्ही दिवे पूर्ण बंद असल्यास मुख्य फ्यूज, रिले व दिव्याचा स्विच पाहावा. इंजिनाचा वेग वाढवताच प्रकाश वाढत असेल तर बॅटरी वा अल्टरनेटर अशक्त झाल्याची शक्यता असते. हेडलाइट लावताच पार्किंगचा दिवा किंवा इंडिकेटर मिणमिणू लागला, तर अर्थ सैल झाली असे समजावे.

तपासणीचा क्रम

प्रथम दिवे बंद करून, बल्ब थंड झाल्यावर डाव्या-उजव्या बल्बांची अदलाबदल करावी. दोष बल्बाबरोबर सरकला तर बल्ब बदलावा. जागीच राहिला तर जोडणी तपासावी. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये.

त्यानंतर इंजिन व दिवे चालू ठेवून मल्टिमीटरने बॅटरीवरील आणि बल्बच्या टोकांवरील व्होल्टेज मोजावे. बॅटरीवर साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळतात. बल्बपाशी एक व्होल्टहून अधिक घट आढळल्यास वाटेत कुठेतरी गंज किंवा सैल जोड आहे. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की हॅलोजनचा प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. बल्बचे अर्थचे टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामधील व्होल्टेज अर्ध्या व्होल्टहून अधिक भरल्यास बॅटरीची ऋण वायर सोडवून अर्थचा बोल्ट काढावा, पत्रा पॉलिश पेपरने घासावा आणि जोड घट्ट करून त्यावर ग्रीस लावावे.

हे टाळावे

फ्यूज वारंवार जळत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. अधिक अँपिअरचा फ्यूज बसविल्यास वायरिंग पेटण्याचा धोका असतो. ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचे बल्ब लावल्यास जुने होल्डर वितळतात.

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येते, तेव्हा दिव्यांचीही तपासणी होते. दुरुस्तीनंतर सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करून झोताची उंची जुळवून घ्यावी; वर गेलेला झोत समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो.