चवदार तळ्याचा ठराव आणि आपल्या गावचा आराखडा

गेल्या वर्षी जालना जिल्ह्यातल्या एका गावच्या ग्रामसभेला गेले होते. ग्रामसेवकांनी गावविकास आराखडा वाचून दाखवला. नळयोजनेच्या रकान्यात ‘संपूर्ण गाव’ असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात पाइपलाइन चावडीपाशी येऊन थांबली होती आणि भीमनगर तिथून पुढे आहे. शेजारी बसलेल्या आजींनी मला हळूच विचारलं, “ठराव झालाय म्हणतेत ना ताई, मग पाणी कुठं अडकलंय?”

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी कोकणातल्या महाडमध्ये विचारला गेला होता. महाड म्हटलं की आपल्याला २० मार्च १९२७ आठवतो, बाबासाहेबांची ओंजळ आठवते. पण त्या ओंजळीमागे एका नगरपालिकेचा ठराव होता, तो किती जणांना आठवतो?

महाड हे सावित्री नदीकाठचं, खाडीच्या व्यापारावर वाढलेलं गाव. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले. १८९५ मध्ये त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सदस्यांना त्यांच्या शेजारी बसणं सहन झालं नाही. म्हणजे जिथे गावाचे निर्णय होतात त्या टेबलाशी आपला माणूस असावा की नसावा, हा वाद तळ्याच्या आधीचा आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा सरकारी व्यवस्थेत असलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. पुढे सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखा समतावादी माणूस तिथे अध्यक्षही होता. कागदावर सगळं छान होतं. पण १९२४ गेलं, १९२५ गेलं, १९२६ गेलं, तळ्यावर एकही अस्पृश्य पाणी भरू शकला नाही. त्याच तळ्यावर इतर धर्मांच्या लोकांना मनाई नव्हती. १९२६ मध्ये बोले यांना पुन्हा कायदेमंडळात जावं लागलं: जी स्थानिक संस्था ठराव पाळणार नाही, तिचं अनुदान थांबवा.

अशा वेळी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, १९ आणि २० मार्च १९२७ रोजी. रा. भि. मोरे, अनंतराव चित्रे, संभाजी तुकाराम गायकवाड अशा कार्यकर्त्यांनी आधी गावोगाव फिरून तयारी केली होती. परिषदेला आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. ज्या गावाच्या नगरपालिकेने तळं खुलं केलं होतं, त्याच गावात!

त्या परिषदेत काय ठरलं तेही नीट वाचा. सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण हवं. वसतिगृहांना मदत हवी. शेतीसाठी जंगलातली पडीक जमीन हवी. मेलेली जनावरं ओढणं आणि मृतमांस खाणं बंद. बोले ठरावाची अंमलबजावणी करायला सरकारने स्थानिक संस्थांना भाग पाडावं. हा एका समाजाने स्वतःच्या पुढच्या पिढ्यांसाठी केलेला विकास आराखडाच होता. नगरपालिकेने आपल्याला तिच्या आराखड्यात धरलं नाही, म्हणून आपल्या लोकांनी स्वतःचा आराखडा केला. दुसऱ्या दिवशी चार-चारच्या रांगा करून लोक तळ्यावर गेले, ते त्यातल्या एका कलमाची अंमलबजावणी करायला.

पुढचं आपल्याला पाठ आहे. परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या. १०८ घागरी पाणी काढून, शेण-गोमूत्र टाकून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. पण सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आपण विसरतो. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने १९२४ चा स्वतःचाच ठराव रद्द केला. ठराव कागदावर होता तोवर कुणाला त्रास नव्हता. लोकांनी तो वापरला आणि तो मागे घेतला गेला.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली. तिला जागा फत्तेखान यांनी दिली, कारण दुसरं कुणी द्यायला तयार नव्हतं. कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आल्यामुळे तळ्यावर जाता आलं नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. मग दहा वर्षं खटला चालला. तळं नगरपालिकेचं आहे आणि अस्पृश्यांना बंदी करणारी अनादी रूढी सिद्ध होत नाही, हे मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी मान्य केलं. ठराव ते हक्क हे अंतर तेरा वर्षांचं होतं.

आता आपल्याकडे पाहू. महाडला तो ठराव होत होता तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं. इथे बोले ठराव लागू नव्हता. ३० डिसेंबर १९३८ ला मक्रणपूरच्या परिषदेत बाबासाहेब आपल्या लोकांशी बोलले, तेही हद्दीच्या कडेला येऊन. मराठवाड्याला कागदावरचा हक्क मिळायलाच उशीर झाला. आज तो आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायचे असतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची वेगळी योजना आहे. गावविकास आराखडा ग्रामसभेसमोर ठेवावा लागतो.

मग आपण काय करतो? २० मार्चला स्टेटस ठेवतो, मिरवणूक काढतो. मिरवणुकीला माझा विरोध नाही. पण त्याच गावात १५ टक्क्यांचा हिशेब किती तरुणांनी मागितला? आराखड्याची प्रत किती जणांनी डोळ्यांनी पाहिली? “तिथे जाऊन काय होतं, सगळं त्यांचंच असतं,” असं म्हणणारे मित्र मला रोज भेटतात. त्यांना एवढंच सांगते, महाडची नगरपालिकाही त्यांचीच होती.

त्या ग्रामसभेनंतर भीमनगरच्या चार मुलांनी आराखड्याची प्रत मागितली. दोन वेळा परत पाठवलं, तिसऱ्यांदा लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. पाइपलाइन अजून चावडीपाशीच आहे. पण पुढच्या ग्रामसभेत ‘संपूर्ण गाव’ या शब्दांवर बोट ठेवून प्रश्न विचारायला आता चार जण आहेत, आणि पाचव्या त्या आजी.

जय भीम!