कोष्टक आणि ताळा : स्प्रेडशीटच्या अध्यापनाविषयी एक टिपण

महाविद्यालयांतून स्प्रेडशीटचा अभ्यासक्रम शिकविताना विद्यार्थ्याकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. या साधनाचा इतिहास पाहिल्यास तो ज्ञानाच्या विश्वसनीयतेचा प्रश्न आहे, असे दिसून येईल.

स्प्रेडशीट हे नाव संगणकाहून जुने आहे. हिशेबाच्या वहीत समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या रुंद तक्त्यास ते लावीत. अशा तक्त्यातील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे खोडून पुन्हा मांडावे लागत. १९७८ साली हार्वर्ड येथे व्यवसाय-प्रशासनाचे शिक्षण घेत असलेल्या डॅन ब्रिकलिन यांना वर्गातील फळ्यावर हीच अडचण दिसली व तीतून त्यांस संगणकीय कोष्टकाची कल्पना सुचली. बॉब फ्रँकस्टन यांच्या साहाय्याने तयार झालेले 'व्हिजिकॅल्क' १९७९ मध्ये बाजारात आले. कोष्टकाच्या घरात आकड्याऐवजी सूत्र ठेवता येऊ लागले आणि पुनर्गणनेचे श्रम संपले.

मात्र या सोयीबरोबर एक उणीवही आली. कागदावरील गणितात प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर राहत असे. येथे उत्तर तेवढे दिसते. सूत्र त्याखाली झाकलेले असते.

या उणिवेचे बोधप्रद उदाहरण अर्थशास्त्रात घडले. कारमेन रायनहार्ट व केनेथ रोगॉफ यांनी २०१० साली असे प्रतिपादन केले की, सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांहून अधिक झाल्यास विकासाचा दर फार घसरतो. सरकारी खर्चात कपात करू इच्छिणाऱ्या अनेक राजकारण्यांनी या निबंधाचा आधार घेतला. पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट येथील थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्यास, प्रसिद्ध झालेल्या एखाद्या संशोधनाची गणिते पुन्हा करून पाहावीत, असा स्वाध्याय मिळाला. त्याने हाच निबंध निवडला. परंतु उत्तरे जुळेनात. अखेर मूळ लेखकांकडून त्यांचे कोष्टक मिळाले, तेव्हा सरासरीच्या सूत्रात ३० ते ४९ या ओळींऐवजी ३० ते ४४ एवढ्याच ओळी घेतल्याचे आढळले. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे पाच देश गणनेतून गळले होते. हर्न्डन व त्याच्या अध्यापकांनी २०१३ साली केलेल्या फेरगणनेत सर्वाधिक कर्जाच्या गटाचा सरासरी विकासदर उणे ०.१ ऐवजी २.२ टक्के आला. या फरकाचा मोठा भाग काही वर्षांची आकडेवारी वगळण्यामुळे व देशांना दिलेल्या भारांकामुळे होता. सूत्रातील चुकीचा वाटा लहान होता. मूळ लेखकांनी सूत्रातील चूक मान्य केली, पण उरलेल्या पद्धतीचे समर्थनच केले. तथापि पद्धतीविषयीचा हा वाद शक्य झाला तो कोष्टक उघडून पाहिल्यामुळेच, हे विसरता येत नाही.

भाषेच्या अभ्यासकास दुसरे एक उदाहरण अधिक विचारात पाडील. 'मार्च-१', 'सेप्ट-२' अशा जनुकांच्या संक्षिप्त नावांना एक्सेल तारखा समजून बदलून टाकी. अखेर २०२० साली जनुकांचे नामकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अशी नावे बदलल्याचे जाहीर केले. साधनाच्या सोयीसाठी शास्त्राची परिभाषा वाकली!

यावरून अपेक्षांचा क्रम ठरविता येतो. सूत्र लिहिता येणे ही पहिली पायरी होय. प्रत्येक आकडा कोठून आला हे सांगता येणे, मूळ नोंदी व गणना वेगळ्या ठेवणे, सूत्राच्या कक्षेत सर्व ओळी येतात की नाही हे तपासणे, कोणती नोंद का वगळली ते लिहून ठेवणे आणि त्या कोष्टकावरून दुसऱ्या व्यक्तीसही तेच उत्तर काढता येईल अशी मांडणी करणे, या अपेक्षा त्याहून महत्त्वाच्या आहेत. परीक्षेतही केवळ उत्तरास गुण न देता दुसऱ्याचे सदोष कोष्टक तपासावयास द्यावे. उत्तराचा ताळा पाहण्याची जुन्या शाळेतील शिस्त या नव्या साधनाने अनावश्यक केलेली नाही. उलट, सूत्र झाकलेले असल्यामुळे तिची निकड वाढविली आहे.