प्रयोगक्षेत्राचा शेजार

गावालगतच्या जमिनीचे मोल दोन प्रकारांनी करता येते. एक चौरस फुटावर, व दुसरे त्या जमिनीत किती वर्षांचे काम साठले आहे यावर. पहिला हिशेब खरेदीखतात उतरतो. दुसरा कोठेच उतरत नाही, आणि म्हणून वादाच्या वेळी त्याची आठवण कोणास राहत नाही. अकोल्यास २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेल्या पंजाबराव कृषी विद्यापीठाची शेते आज शहराच्या वस्तीस भिडलेली आहेत. शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढविण्यासाठी त्यांतील जमिनीची मागणी झाली, तो वाद पुष्कळ वर्षे चालला. अशा प्रसंगी ‘संशोधनास दुसरीकडे जमीन द्यावी’ हा युक्तिवाद ठरलेला असतो. तो कितपत खरा, हे आम्ही इतिहासास विचारू इच्छितो.

आपल्या प्रांतात या प्रश्नाचा सर्वांत बोधप्रद दाखला शेताचा नसून वेधशाळेचा आहे. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ साली उभारली गेली. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. केरो लक्ष्मण छत्रे यांनी ऐन तारुण्यात याच ठिकाणी काम केले, हे महाराष्ट्रीय वाचकांस ठाऊक असेलच. पुढे शहर वाढले आणि घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्राम वेधशाळेच्या आवारात शिरणार नव्हत्या. एक फूटही जमीन जाणार नव्हती. तथापि रुळांतून जमिनीत पसरणारा विजेचा प्रवाह नाजूक चुंबकसूच्यांस चाळविल्यावाचून राहिला नसता. शेजाऱ्याचा उपद्रव कुंपण न ओलांडताही होतो, तो असा.

त्या वेळचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारून घेतली. १९०४ साली तेथे नोंदी सुरू झाल्या. परंतु कुलाब्याचे काम त्याच दिवशी बंद झाले नाही. सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, जेणेकरून जुन्या व नव्या जागेतील फरक कळून मालिका जोडता यावी. विजेची पहिली ट्राम धावली ती १९०७ च्या मे महिन्यात. म्हणजे शहराची सोय थांबली नाही व संशोधनाचा धागाही तुटला नाही.

हा धागा जपल्याचा लाभ कोणास झाला? सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाने जगभरच्या तारायंत्रांचा गोंधळ उडविला. त्या वादळाचे बळ किती होते याचा अंदाज २००३ साली शास्त्रज्ञांनी बांधला, तो कुलाब्याच्या जुन्या नोंदींवरून. ज्यांनी १८५९ साली ते आकडे टिपले, त्यांस या उपयोगाची कल्पनाही असणे शक्य नव्हते.

वेधशाळेची उपकरणे हलविता येतात. मातीचे तसे नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १८७६ पासून मक्याचे प्रायोगिक तुकडे राखलेले आहेत. शेजारी मोठे ग्रंथालय बांधण्याची वेळ आली तेव्हा इमारतीची सावली पिकावर पडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधण्यात आले. १९६९ साली ते उघडले. तुकडे हलविता येत नव्हते, म्हणून इमारतच खाली गेली.

अकोल्यासही काळ्या जमिनीत ज्वारी व गहू या पिकांवर खतांचा दीर्घकालीन प्रयोग १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून चालत आला आहे. कोणत्या तुकड्यास शेणखत, कोणत्यास रासायनिक खत, कोणत्यास काहीच नाही, हे वर्षानुवर्षे एकाच जागी पाळावे लागते. ती जमीन दिल्यास दुप्पट एकर मिळतील, पण गेलेली वर्षे मिळणार नाहीत. शेजारच्या ले-आउटमधील रस्त्यावरचे दिवेही येथे निरुपद्रवी नसतात. सोयाबीनसारखे पीक रात्रीच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरविते. रात्रभर उजेडात उभ्या असलेल्या ओळी उशिरा पिकतात व प्रयोगाचा निष्कर्ष बिघडतो.

चांदूर बाजारच्या संत्रा-बागाइतदारास हा अकोल्याचा घरचा वाद वाटेल. परंतु जंभेरीवर कलम करावे की रंगपूर लाइमवर, डिंक्यास कोणता खुंट तोंड देतो, या प्रश्नांची उत्तरे एका हंगामात मिळत नाहीत. झाड फळास येण्यासच पाच-सहा वर्षे लागतात; बाग किती काळ टिकते हे कळण्यास त्याहून कितीतरी अधिक. मधेच प्रयोगाची बाग मोडली तर त्याची किंमत बागाइतदार आपल्या बागेत भरतो, आणि ती कशामुळे भरावी लागली हे त्यास कळतही नाही.

घरे हवीत, यात वाद नाही. नव्या वस्तीतील मनुष्य फवारणीच्या वाऱ्याबद्दल तक्रार करतो, तीही खोटी नसते. त्याने आयुष्याची पुंजी घालून घर बांधलेले असते. दोष त्याचा नव्हे, तर मधे मोकळी पट्टी न सोडता नकाशा मंजूर करणाऱ्यांचा आहे. मंजुरीपूर्वीच संशोधकांस विचारावे. हलविता येईल ते काम दोन्हीकडे काही वर्षे चालवून मगच हलवावे. आणि मातीत रुजलेल्या प्रयोगास हातच लावू नये. मुंबई सरकारने १९०४ साली जे ध्यानात ठेविले, ते आज आपल्या नगरपालिकांस अवघड जाऊ नये.