एकाच नावाच्या दोन दारू

फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. ‘दवादारू केली’ असे आपण मराठीत सहज म्हणतो आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. पुढे मराठीने हाच शब्द बंदुकीच्या भुकटीलाही दिला: दारूगोळा, दारूखाना. उर्दूने तिथे ‘बारूद’ ठेवला, जो अरबीत आधी सोऱ्यासाठी वापरला जात होता. वर्गात हा शब्द आला की मुले हसतात, कारण त्यांना तिसराच अर्थ आठवतो. मला मात्र मराठीची निवड फार नेमकी वाटते. औषध काय आणि बंदुकीची दारू काय, दोन्हींत सगळे मात्रेवर असते. आणि मात्रा सांगणारा कोण, यावर.

अमेरिकेत रायफल बाळगणारे पुष्कळ लोक उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून ठेवतात. घरीच तिच्यात नवी टोपी, मोजलेली दारू आणि नवी गोळी बसवतात. (आपल्याकडे दारूगोळा बनवायला १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, म्हणून हा लेख इतिहासापुरताच समजावा.) त्या लोकांचा रोजचा प्रश्न असा: अमुक गोळीमागे अमुक दारू किती ग्रेन? ग्रेन आपल्याला परका नाही. इंग्रजांनी १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरवला, म्हणजे आपली एक गुंज जेमतेम दोन ग्रेनची. सोनाराच्या काट्यावरचे माप हे. चुकले तर नुकसान सोन्याचे नाही. नळी फुटते आणि ती नेमकी डोळ्यांजवळ धरलेली असते.

मात्रा लिहून ठेवण्याची रीत जुनी आहे. तेराव्या शतकात शाममधल्या हसन अल-रम्माहने सोरा शुद्ध कसा करायचा हे लिहिले आणि दारूचे शंभराहून अधिक नुस्खे वजनासकट नोंदवले. पण नळीत गेल्यावर ती दारू काय करते, हे मोजण्याचे साधन तेव्हा नव्हते. १७४२ मध्ये इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने टांगलेल्या जड लंबकावर गोळी झाडून तिचा वेग काढायची पद्धत प्रसिद्ध केली. एकोणिसाव्या शतकात अँड्र्यू नोबलने तांब्याचा छोटा दंडगोल किती चेपला जातो, यावरून तोफेच्या आतला दाब मोजला. काळ्या दारूच्या जमान्यात हे आकडे सामान्य शिकाऱ्यापर्यंत पोचले नाहीत तरी फारसे अडत नसे. तो मापट्याने दारू ओतायचा, आणि काळी दारू थोडी कमीजास्त झाली तरी बहुधा सांभाळून घ्यायची.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयने धूर न करणारी दारू तयार केली. १८८६च्या लेबेल रायफलपासून ती सैन्यात आली आणि जुने मापटे निकामी झाले. या दारूचे तेवढेच मापटे भरले तर दाब कितीतरी वाढतो. शिवाय ती एक दारू नाही, जळण्याच्या वेगाप्रमाणे तिचे अनेक प्रकार. आता हाताचा अंदाज चालेना, छापील तक्ते लागले. अमेरिकेत ‘आयडियल’ कंपनीच्या पुस्तिका होत्या, १९२५ मध्ये तो धंदा लायमनने घेतला. १९३७ मध्ये फिलिप शार्प यांचा या विषयावरचा जाडजूड ग्रंथ आला.

खरी गंमत, गंमत कसली, खरा धोका दुसऱ्या महायुद्धानंतरचा. सैन्याकडे दारूचे ढीग उरले होते. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी ती घाऊक घेऊन लोकांना स्वस्तात विकायला सुरुवात केली. त्यातली एक होती ‘४८३१’, मुळात २० मिलिमीटरच्या तोफांसाठी ड्यूपाँटने बनवलेली, सावकाश जळणारी. ती शिकाऱ्यांत इतकी रुळली की पुस्तकांत नुसते ‘४८३१’ लिहिले तरी पुरे होई. मग १९७३ मध्ये ड्यूपाँटने स्वतःच नवी ‘आयएमआर ४८३१’ बाजारात आणली. ती जुनीपेक्षा लवकर जळणारी. म्हणजे जुने पुस्तक खरे, डबाही खरा, डब्यावरचा आकडाही तोच. पण जुन्या पुस्तकातली कमाल मात्रा नव्या डब्यातून भरली की दाब मर्यादेबाहेर जाणार.

हे वाचताना मला अस्मा-उर-रिजाल आठवले. तुलना दर्जाची नाही, पद्धतीची आहे. हदीसच्या विद्वानांनी ‘काय सांगितले’ याच्या आधी ‘कोणी, कोणाकडून ऐकून सांगितले’ हे तपासले. त्यातही एक अडचण होती: एकाच नावाचे दोन रावी, एक भरवशाचा, दुसरा कच्चा. सनदीत नाव बरोबर दिसते, माणूस मात्र वेगळा. ११व्या शतकात बगदादच्या खतीब अल-बगदादींनी अशा समान नावांच्या रावींवरच ‘अल-मुत्तफिक वल-मुफ्तरिक’ हा ग्रंथ लिहिला. एवढा खटाटोप कशासाठी, असे आमच्यातलेच काही शिकलेले लोक विचारतात. त्यांना ४८३१ची ही कथा सांगावी.

सनदेवाचून काडतूस हातात आले की काय होते, हे आपल्या देशाने वेगळ्या रीतीने पाहिले आहे. १८५७ मध्ये एनफिल्डच्या काडतुसाला लावलेली चरबी कुठल्या जनावराची, याचे भरवशाचे उत्तर शिपायांना कोणी देऊ शकले नाही. पुरवठ्याच्या वेळी कोणी नीट पाहिलेच नव्हते. स्वतःचे वंगण लावा, ही सवलत जानेवारीतच मिळाली. पण तोवर विश्वास उडाला होता.

चांगल्या पुस्तकात नुसती मात्रा नसते. कुठल्या नळीतून चाचणी झाली, कुठली पुंगळी, कुठली टोपी, गोळीचे वजन किती, हेही दिलेले असते, आणि जुन्या जाणत्यांची ताकीद असते की खालच्या मात्रेपासून सुरू करा, सरळ कमाल आकड्यावर जाऊ नका. दाबाचे आकडेही मोजणीची पद्धत पाहून वाचावे लागतात. तांबे चेपून काढलेला दाब आणि पुढे विजेच्या उपकरणाने काढलेला दाब यांची सरळ अदलाबदल होत नाही. मित्राने चिठोऱ्यावर लिहून दिलेल्या आकड्यात यातले काहीच नसते. मित्र सच्चा असेल, त्याची बंदूकही अजून शाबूत असेल. पण ती त्याची बंदूक आहे.

२००३ मध्ये आयएमआर हा व्यवसायच हॉजडन कंपनीने विकत घेतला. दोन्ही ४८३१ एकाच घरात आल्या, आणि त्या घराच्या तक्त्यातही दोघींच्या ओळी वेगळ्याच राहिल्या.